सिम्युलेटरमधील वायू गॅसमनच्या समीकरणात कसा मिसळावा?

प्रश्न
नॉर्वेच्या नॉर्ने तेलक्षेत्राच्या मॉडेलवर मी प्रबंधासाठी काम करते आहे. सिम्युलेटरने (जमिनीखालील प्रवाहाचे गणित करणाऱ्या संगणक-प्रणालीने) दिलेला दाब आणि संपृक्तता (छिद्रांतील तेल, पाणी व वायूचे प्रमाण) गॅसमनच्या समीकरणात (छिद्रांतील द्रव बदलल्यास खडकाचा ताठपणा किती बदलतो हे सांगणाऱ्या सूत्रात) घालून मी तरंगवेग व घनता काढते, त्यावरून कृत्रिम सिस्मिक (खडकांच्या थरांवरून परावर्तित तरंगांची नोंद) तयार करते आणि २००१ व २००६ च्या सर्वेक्षणांतील फरकाशी ते ताडून पाहते. वायू पाच टक्के असो वा पन्नास, माझे चित्र जवळपास सारखेच भडक येते आणि प्रत्यक्ष नोंदीशी जुळत नाही. पार्यता (खडकातून द्रव वाहू देण्याची क्षमता) बदलून जुळवून घ्यावे, असा सल्ला मिळाला आहे. परंतु मन मानत नाही.

उत्तर १
आपली शंका रास्त आहे. पार्यतेला हात लावण्यापूर्वी मिश्रणाचा नियम तपासावा. आपण बहुधा वुडची हरात्मक सरासरी (घटकांच्या मापांकांच्या व्यस्तांवरून काढलेली) वापरत आहात आणि ती वायू व पाणी प्रत्येक छिद्रात एकजीव मिसळले आहेत असे धरून चालते. पाण्याचा आयतन-मापांक (दाबाखाली आकुंचनाला होणारा विरोध) २.५ आणि वायूचा ०.०५ गिगापास्कल धरला, तर पाच टक्के वायूलाच मिश्रणाचा मापांक ०.७ वर कोसळतो आणि त्यापुढे घसरायला फारसे काही उरत नाही. ब्रीच्या सूत्रात (वायू व पाणी असमान मिसळले आहेत असे धरणाऱ्या दुसऱ्या नियमात) घातांक ३ घेतल्यास त्याच पाच टक्क्यांना तो सुमारे २.१५ राहतो. नॉर्नेच्या मॉडेलमधील एक कप्पा आडवा सुमारे शंभर मीटरचा असतो. त्यातील 'दहा टक्के वायू' म्हणजे वरच्या पातळ थरात साठलेला वायू आणि खाली निव्वळ पाणी, असेही असू शकते. तेव्हा कप्पे आधी उभ्या दिशेने बारीक करा, मगच वेग काढा.

उत्तर २
वरील मताशी सहमत आहे, मात्र दाब विसरू नका. अंतःक्षेपणाने (विहिरीतून पाणी वा वायू आत सोडल्याने) छिद्रदाब वाढला की खडकाचा सांगाडा मऊ होतो आणि वेग वायूविनाही घटतो; गॅसमनचे समीकरण हे सांगत नाही, त्यासाठी गाभ्याच्या नमुन्यांवरील मोजणी लागते. छिद्रातील द्रवाने कर्तन-मापांक (आकार तिरका होण्याला खडकाचा विरोध) बदलत नाही, दाबाने बदलतो, म्हणून दूरच्या ऑफसेटची (तरंगस्रोत व ग्राहक यांतील अंतर जास्त असतानाची) नोंद अवश्य पाहा. हीच रीत मुंबई हायच्या चुनखडीला जशीच्या तशी लावू नये: कॅल्साइट क्वार्ट्झच्या जवळपास दुप्पट ताठ असल्याने तिथे द्रवबदलाची खूण फिकी पडते.

प्रश्नकर्ती
मनःपूर्वक आभार. दोन्ही नियमांनी कृत्रिम सिस्मिक पुन्हा काढते आणि तोवर पार्यता आहे तशीच ठेवते.