‘प्लग लावा आणि झोपा’ हा सल्ला चुकीचा आहे

अकोल्याचा मास्तर

परवा धायरीकर यांनी इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जिंगबद्दल इथे लिहिलं, "बॅटरी सांभाळायला गाडीत बीएमएस ही यंत्रणा आहे. घरी आलं की प्लग लावायचा, रोज शंभर टक्के करायची आणि झोपायचं. पहाटेची टायमिंग लावणारे लोक नवीन गाडीवाल्यांना उगाच घाबरवतात." दोन दिवस गप्प बसलो होतो. काल आमच्या शाळेतल्या बाईंनी ते वाचून गाडीतली ८० टक्के चार्जिंगची मर्यादा काढून टाकली, तेव्हा राहवलं नाही.

बीएमएस सेलला हद्दीबाहेर चार्ज होऊ देत नाही आणि पॅक तापला तर करंट कमी करतं. भरलेली बॅटरी किती तास तशीच उभी राहणार, हे ते ठरवत नाही. ते आपण ठरवतो, आणि झीज तिथेच होते. गाडी जागची हलली नाही तरी बॅटरी म्हातारी होत असते. चार्ज जितका वर आणि ऊन जितकं कडक, तितकी लवकर. एनएमसीचा (निकेल-मँगनीज-कोबाल्ट जातीचा) सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्टला ताणलेला असतो. आत ग्रॅफाइटवरचा थर जाड होत जातो, त्यात अडकलेलं लिथियम पुन्हा कामाला येत नाही.

माझी शाळा पंचवीस किलोमीटरवर. जाऊन-येऊन आठ युनिटं जातात, म्हणजे माझ्या पॅकचे वीस टक्के. पॉइंट १५ अँपिअरचा, तीन तास लागतात. मी संध्याकाळी सहालाच प्लग लावतो, पण सुरुवात पहाटे चारला. सातला ८० होते, साडेसातला मी निघतो. धायरीकरांच्या पद्धतीने रोज शंभरला नेली, तर सहाला लावलेली गाडी नऊला भरेल आणि साडेदहा तास भरलेली उभी राहील. रविवारी तर दिवसभर. मे महिन्यात अकोल्यात दुपारी ४५ होतं, राजेहो, आणि संध्याकाळी सहालाही पॅक आतून गरमच असतो. पहाटेपर्यंत तो निवतो. यात कष्ट कसले? एकदा स्क्रीनवर वेळ टाकली, त्याला तीन वर्षं झाली.

माझी आणि माझ्या साडूची गाडी एकाच मॉडेलची, २०२१ मध्ये एकाच महिन्यात घेतलेली. त्याची एमआयडीसीत दिवसभर उघड्यावर, कायम शंभरला. गेल्या सर्व्हिसला बॅटरीची तब्येत काढली. माझी ९४ टक्के, त्याची ८७.

धायरीकर

मास्तर, माझं अर्धंच वाक्य उचलून धागा काढलात. माझी गाडी एलएफपीची (लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीची) आहे हे त्याच पोस्टच्या पहिल्या ओळीत होतं. तुमची एनएमसी. दोन्हींचे नियम एक नाहीत, आणि बाईंची गाडी कुठली हे तुम्ही सांगितलेलंच नाही.

तुमच्यासारख्यांचं ऐकून मीही तीन महिने ८० ची मर्यादा लावली होती. एका रविवारी आईला घेऊन साताऱ्याहून परत येत होतो. खेड-शिवापूर सोडलं तेव्हा स्क्रीनवर १४ टक्के. घर जवळ, म्हणून मी निर्धास्त. कात्रजच्या नव्या बोगद्याच्या चढाला लागलो आणि आकडा १४ वरून सरळ ५ वर आला, मग ३, आणि गाडीने वेग पाडला. डावीकडे ट्रक, मागून हॉर्न, शेजारी ७२ वर्षांची आई, तिला शुगर. गाडी कडेला घेऊन पार्किंग लाइट लावले तेव्हा माझे हात थरथरत होते. एलएफपीचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं, त्यामुळे पॅक पूर्ण भरल्याशिवाय बीएमएसला नेमका अंदाज घेता येत नाही आणि सेलही समतोल होत नाहीत. ही गोष्ट मला त्या चढावर कळली. त्या दिवसापासून रोज शंभर. ५८,००० किलोमीटर झाले. वॉरंटी आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची आहे. मी गाडी आईला दवाखान्यात न्यायला घेतलीय, टक्के राखायला नाही.

आणि साडूचं काय सांगता? तो किती वेळा डीसी फास्ट चार्जिंग करतो ते लिहा ना, झीज त्यानेही होते.

अकोल्याचा मास्तर

साडू महिन्यातून चार-पाच वेळा नागपूरला जातो आणि येताना डीसीला लावतो. हे लिहायला हवं होतं, मान्य. त्या सात टक्क्यांचं सगळं खापर शंभरवर फोडता येणार नाही.

आईंच्या बाबतीत जे झालं ते वाचून वाईट वाटलं. एलएफपीला अधूनमधून पूर्ण चार्ज हवाच. पण अधूनमधून म्हणजे रोज नाही! टेस्ला आपल्या एलएफपी गाड्यांना आठवड्यातून किमान एकदा शंभर करा असं सांगते; रोजच्या मर्यादेला तिला शंभरही चालतं, हे खरं. पण गरज आठवड्याची आहे, तुम्ही ते औषध रोज घेताय. आणि एलएफपीला काहीच होत नाही, हेही खरं नाही. कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठात जेफ डान यांच्या गटाने २०२४ मध्ये एलएफपी सेलवरचं काम छापलं. चार्जच्या वरच्या टोकाला सतत वापरलेले सेल खालच्या पट्ट्यात वापरलेल्यांपेक्षा लवकर झिजले. एलएफपी दणकट आहे, पण तिलाही वय आहे.

वाशिष्ठी

तुम्ही दोघं पुण्या-अकोल्याचे, रात्रभर लाइट असणारे. चिपळुणात जून ते सप्टेंबर पहाटे चारची वेळ लावून बघा. गेल्या जुलैत लावली होती. दोनला लाइट गेली, साडेपाचला आली. वेळ टळून गेली म्हणून गाडीने चार्जिंग सुरूच केलं नाही. सकाळी उठून बघते तर ३१ टक्के, आणि मला कुंभार्ली घाट चढून कराडला जायचं होतं. शेवटी एसटीने गेले.

उलट संध्याकाळी सात ते दहा व्होल्टेज इतकं पडतं की चार्जर मधेच थांबतो. म्हणून मी साडेदहाला हाताने सुरू करते आणि ९० ला थांबवते. पावसाळ्यात लाइट आहे तोवर भरून घ्यायची, हा आमचा नियम. बॅटरी दोन वर्षं कमी टिकली तरी चालेल.

घाटावरची

मी पाचगणीची. शंभर न करण्याचं माझं कारण वेगळं आहे आणि ते इथे कुणी लिहिलेलं दिसत नाही. सकाळी पूर्ण भरून पसरणी घाट उतरायला लागलं की रीजन (उतारावर वेग रोखताना बॅटरीत परत जाणारी वीज) मिळतच नाही, कारण वीज ठेवायला जागा नसते. सगळा भार ब्रेकवर. पहिल्या महिन्यात वाईत पोहोचले तेव्हा चाकांना जळका वास येत होता, नवरा गाडीभोवती फेऱ्या मारत होता. आता ८५ ला थांबवते. उतरताना गाडी रीजनवरच सांभाळली जाते आणि वाईत दोन-तीन टक्के वाढलेले असतात.

धायरीकर, महिन्यातून एकदा सपाटीवर राहायला गेलं की शंभर करून घेते. माझीही एलएफपीच आहे आणि आकडा कधी घसरला नाही.

निवृत्त नाशिककर

दिवसा का लावत नाही कुणी? जुलै २०२५ पासून महावितरण स्मार्ट मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेत सवलत देतंय, युनिटमागे ८० पैशांपासून. मी घरीच असतो, अकराला लावतो.

अकोल्याचा मास्तर

नाशकात, सावलीत, ७०-८० पर्यंत खुशाल लावा काका. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या शेडखाली लावायची म्हणजे ८० पैशांसाठी लाखो रुपयांचा पॅक भाजायचा. हिवाळ्यात मीही सुट्टीच्या दिवशी दिवसाच लावतो.

फ्लॅट ३०४

सगळ्यांचं वाचतोय आणि संताप होतोय. कुणी चारला लावतंय, कुणी अकराला. मला अकरा महिने झाले, लावायला पॉइंटच नाही! कोथरूडजवळची सोसायटी, २८ फ्लॅट. माझ्या मीटरपासून माझ्या पार्किंगपर्यंत २२ मीटर. स्वतःच्या खर्चाने वायर ओढतो म्हटलं. आधी म्हणाले सर्वसाधारण सभेत मांडा. सभेत म्हणाले आर्किटेक्टचं पत्र आणा. ते आणलं तर म्हणतात आगीची हमी लिहून द्या. पेट्रोलच्या गाडीसाठी अशी हमी कुणी मागितली होती का? केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने जानेवारी २०२२ मध्येच स्पष्ट केलंय की घरच्या आहे त्याच वीजजोडणीवरून स्वतःची गाडी चार्ज करता येते. प्रिंट काढून नेली. चेअरमननी वाचलीसुद्धा नाही, घडी घालून परत दिली.

मी आठवड्यातून दोनदा मॉलच्या चार्जरवर दीड तास बसून असतो. मुलगी मागच्या सीटवर गृहपाठ करते. माझ्या बॅटरीचं आयुष्य मी ठरवत नाही, सोसायटी ठरवते.

वाशिष्ठी

दादा, हे फार वाईट आहे. कमिटीतल्या किती जणांकडे ईव्ही आहे? आमच्या नणंदेकडे हाच प्रकार झाला आणि चेअरमनच्या मुलाने ईव्ही घेतल्यावर पंधरा दिवसांत परवानगी आली.

सेक्रेटरी, वारजे

मी दुसऱ्या एका सोसायटीचा सेक्रेटरी आहे. कमिटीला शिव्या देणं सोपं आहे, म्हणून आमच्याकडे काय झालं ते सांगतो.

इमारत १९९८ ची. पार्किंगमधले सॉकेट कॉमन लाइटच्या लायनीवर, जुनी अडीच एमएमची वायर. गाडी धुणाऱ्याचा प्रेशर पंप लावायला ठेवलेले. एका सभासदाने कुणालाही न विचारता त्यात गाडी लावायला सुरुवात केली. पंप दहा मिनिटं चालतो, गाडी सलग आठ तास ओढते. महिनाभराने पहाटे तीनला वॉचमन दार वाजवत आला, "साहेब, वास येतोय." खाली गेलो. पिनटॉप तपकिरी पडून सॉकेटला चिकटलेला, एक पिन आत वितळलेली, भिंतीवर हातभर काजळी. एमसीबी पडलीच नव्हती, कारण करंट हद्दीतच होता, कनेक्शन ढिलं होतं. त्याच भिंतीपलीकडे मीटर रूम. त्या रात्रीनंतर मी कुणाच्याही अर्जावर डोळे मिटून सही करत नाही, आणि करणार नाही.

आणि मास्तर, तुमच्या पहाटे चारबद्दल. आमच्याकडे आता सहा गाड्या आहेत. सगळ्यांनी तुमचं वाचून चारलाच सुरुवात केली तर एकदम वीस किलोवॅट. मंजूर भार तेवढा नाही. तुमचा सल्ला एकट्या बंगल्याचा आहे.

फ्लॅट ३०४

एकाने चोरून लावली म्हणून रीतसर मागणाऱ्याला अकरा महिने लटकवायचं? काळजी होती तर चार एमएमची वायर, वेगळी एमसीबी, करंटची गळती झाली की वीज तोडणारी आरसीसीबी, नीट अर्थिंग अशा अटी लिहून द्या. अर्ज दाबून ठेवण्याला काळजी म्हणत नाहीत, साहेब. तुम्ही रीतसर अर्ज किती दिवसांत निकालात काढता?

सेक्रेटरी, वारजे

पहिल्याला सात महिने लावले. ते चुकलंच. आता एका पानावर अटी छापल्यात, त्या पुऱ्या केल्या की पंधरा दिवस. तुम्ही म्हणता त्याच अटी, वर औद्योगिक सॉकेट, घरगुती तीन पिनी नाही. तुम्हाला ते पान पाठवतो, तुमच्या कमिटीला दाखवा. दुसऱ्या सोसायटीने केलंय म्हटलं की लोक ऐकतात.

अकोल्याचा मास्तर

सेक्रेटरीसाहेब, भाराचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. पण मग वेळापत्रकाची गरज वाढली की कमी झाली? दोघांना अकरा ते दोन, दोघांना दोन ते पाच, दोघांना पाच ते आठ. सगळ्यांनी घरी आल्या आल्या लावली तर हाच भार तुमच्यावर संध्याकाळी आठला पडेल, तेव्हा लिफ्ट आणि पाण्याची मोटरही चालू असते.

सेक्रेटरी, वारजे

वाढली. हे वाटप कमिटीपुढे ठेवतो. ज्याला पहाटेची पाळी येईल तो कटकट करणार नाही एवढं तुम्ही समजावा.

धायरीकर

पहाटेची पाळी तर बॅटरीला चांगली, मास्तरांच्या हिशोबाने.

मी काल रात्री बदल केलाय. रोज ९०, शनिवारी रात्री शंभर, सुरुवात दोनला. घाटावरच्या ताईंचं वाचून केला, त्यांची गाडी माझ्याच जातीची आहे. साडूचं उदाहरण मला अजूनही पटलेलं नाही. आणि आईला घेऊन लांब जायचं असेल तेव्हा आदल्या रात्री शंभरच करणार.

अकोल्याचा मास्तर

करा. भरल्यावर लगेच निघायचं असेल तर शंभरला माझा कधीच विरोध नव्हता. बाईंचीही विचारून घेतली, त्यांची एनएमसी निघाली. ८० पुन्हा लावून दिली.

फ्लॅट ३०४

सेक्रेटरीसाहेब, पान मिळालं. आमची कमिटी रविवारी अकराला बसतेय. त्यातली अर्थिंगची अट कळली नाही. इमारतीचं आहे तेच चालतं, की वेगळा खड्डा घ्यावा लागला?