पेट इन्शुरन्स चालू ठेवू की बंद करू?

रात्रपाळी
रिन्यूअलची नोटीस आली आणि घरात वाजलं. आमचा कुत्रा बंड्या आता सात वर्षांचा आहे, सहा वर्षं न चुकता हप्ते भरलेत. यंदाचा हप्ता पहिल्या वर्षीच्या दुप्पट. का म्हणून विचारलं तर म्हणे, वय वाढलं. बरं, क्लेम किती? सहा वर्षांत एक! लेकाचा पायमोजा गिळला होता. एक्स-रे झाला, डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन ओकारी काढली, मोजा अख्खा बाहेर आला. डिडक्टिबल, म्हणजे बिलातला आपणच भरायचा ठरलेला भाग, वजा जाऊन जे हातात पडलं त्यात फार तर नव्या मोज्यांचा जोड आला असता.

शिवाय लसी, जंतांचं औषध, गोचिडांचं औषध, नसबंदी, दात साफ करणं, यातलं काहीच आमच्या पॉलिसीत बसत नाही. म्हणजे जो खर्च दरवर्षी ठरलेला आहे तो माझा मलाच, आणि जो बहुधा होणारच नाही त्याचे पैसे आगाऊ. नवऱ्याचं म्हणणं, तेवढीच रक्कम वेगळ्या खात्यात टाकत गेलो असतो तर आज बरी पुंजी साठली असती. मलाही आता हा सौदा तोट्याचाच वाटतोय. कोणाचं वेगळं मत असेल तर पटवून द्या.

बोक्याचीआई
तुमचा मोजा बाहेर आला म्हणून हप्ता वाया गेला, असा हिशोब दिसतोय. तो आतड्यात अडकला असता तर पोट उघडून काढावा लागला असता, तेव्हा हा धागा तुम्ही काढला असता का?

माझा बोका चार वर्षांचा. एका संध्याकाळी सारखा लिटर बॉक्समध्ये (त्याच्या शी-शूच्या वाळूच्या पेटीत) जाऊन बसायला लागला. जायचा, कुंथायचा, बाहेर यायचा, परत आत. मला वाटलं बद्धकोष्ठ. रात्री खालची वाळू हाताने चाळली तर पूर्ण कोरडी, एकही गोळा नाही. शौचाचा प्रश्नच नव्हता, त्याची लघवी तुंबली होती. बोक्यांची मूत्रनळी अरुंद असते, बारीक खडे किंवा चिकट गाळ साचला की बूच बसतं. पोटॅशियम रक्तात चढत जातं आणि एक-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकतं. भूल, कॅथेटर, सलाईन, तीन रात्री दवाखान्यात. घरी आणला आणि पाचव्या दिवशी परत तेच. शेवटी मूत्रमार्ग रुंद करायचं ऑपरेशन झालं.

तेव्हा पॉलिसी घेऊन पुरतं वर्षही झालं नव्हतं. वेगळ्या खात्यात टाकत असते तर त्यात अकरा हप्ते असते, आणि त्यात पहिली रात्रसुद्धा निघाली नसती. तुमच्या नवऱ्याचं गणित बरोबर आहे, फक्त त्यात आजारपण सहाव्या वर्षानंतर येईल असं धरलंय. आजारपण कॅलेंडर बघून येत नाही, बाई.

आकडेमोड
बोका बरा झाला याचा आनंद आहे, पण एका बोक्यावरून नियम निघत नाही. तुमचं ऑपरेशन शंभर जणांच्या न वापरलेल्या हप्त्यांतून झालं. कंपनी त्याच हप्त्यांतून ऑफिस चालवते, एजंटाचं कमिशन देते, वर नफा काढते. म्हणजे सगळ्या ग्राहकांचा मिळून हिशोब केला तर भरले त्यापेक्षा कमीच परत येणार. विमा म्हणजे हेच. घराच्या आगीचा विमा मी याच कारणाने घेतो, कारण घर जळलं तर मी रस्त्यावर येईन. कुत्र्याच्या ऑपरेशनने मी रस्त्यावर येत नाही, मला फक्त वाईट वाटतं. जो धक्का स्वतःच्या खिशाला झेपतो त्याचा विमा काढू नये.

आणि मिळतात ते पैसे तरी पूर्ण कुठे? बिल १०० आलं समजा. डिडक्टिबल २०, परतावा ८० टक्के. काही पॉलिसींमध्ये आधी डिडक्टिबल वजा करतात: उरले ८०, त्याचे ८० टक्के म्हणजे ६४. काहींमध्ये आधी टक्केवारी लावतात: ८०, त्यातून डिडक्टिबल गेलं की ६०. जाहिरातीत दोघेही '८० टक्के परतावा' असंच छापतात. डिडक्टिबल वर्षाला एकदाच की दर आजाराला वेगळं, हे कोणी वाचतच नाही. दर आजाराला असेल तर कान, पोट आणि कातडी अशा तीन तक्रारींत तीनदा कापतील.

बोक्याचीआई
'मला फक्त वाईट वाटतं' हे वाक्य तुम्ही दवाखान्यात टेबलाच्या या बाजूला उभं राहून बोलून दाखवा.

आकडेमोड
उभा राहिलोय. दोनदा. म्हणूनच खातं वेगळं ठेवलंय.

तीनपायी
मी विम्याच्या बाजूचा होतो, आता नाही. कारण सांगतो.

आमची लॅब्राडोर कुत्री दोन वर्षांची असताना खेळताना उजव्या मागच्या पायाने किंचित लंगडली. डॉक्टरांनी दाबून पाहिलं, चार दिवस उड्या मारू देऊ नका म्हणाले आणि फाईलमध्ये लिहिलं: 'उजवा मागचा पाय, किंचित लंगडणे, निरीक्षण.' एवढंच. चार दिवसांत बरी झाली, आम्ही विसरलो. पुढच्या महिन्यात विमा काढला. दीड वर्षाने डाव्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. हाड कापून, फिरवून, धातूची पट्टी बसवायचं ऑपरेशन. क्लेम नाकारला. कारण, पॉलिसीत एक कलम होतं: जोडीने असलेल्या अवयवांपैकी एकाला विम्याआधी त्रास झाला असेल तर दुसऱ्या बाजूचा त्रासही आधीचाच धरला जाईल. म्हणजे उजव्या पायाच्या चार दिवसांच्या लंगडण्यापायी डावा गुडघा बाद!

ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी मग समजावलं. कुत्र्यांत हे लिगामेंट बहुतेक वेळा हळूहळू झिजून तुटतं, आणि एका पायाचं तुटलं की साधारण निम्म्या कुत्र्यांत पुढेमागे दुसऱ्याचंही तुटतं. म्हणजे कंपनीच्या कलमाला शास्त्राचा आधार नाही असं म्हणता येत नाही. पण आमच्या कुत्रीच्या उजव्या गुडघ्याला काही झालं होतं हे कोणी ठरवलं? एक्स-रे नाही, काही नाही. एका ओळीवर निकाल. कंपनीचं नाव लिहीत नाही, कलमं थोड्याफार फरकाने सगळीकडे भेटतात.

आकडेमोड
+१. पाऊस पडायला लागला की छत्री काढून घेणारे लोक.

कंपाउंडरीण
दवाखान्याच्या काउंटरवर आठ वर्षं बसतेय, म्हणून दोन्ही बाजूंना थोडं थोडं.

तीनपायी, तुमच्यावर अन्याय झाला असं मलाही वाटतं. याच भांडणांमुळे अमेरिकेत विमा आयुक्तांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२२ मध्ये पेट इन्शुरन्सचा नमुना कायदा केला. त्यात आजार आधीचा होता हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीवर टाकली आहे. आजारासाठी वेटिंग पिरियड, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर क्लेम न करता थांबायचा काळ, ३० दिवसांहून जास्त ठेवता येत नाही आणि अपघाताला तर तो लावताच येत नाही. एकेक राज्य तो स्वीकारेल तिथेच तो लागू होतो, पण वाद नेमका कुठे आहे हे त्यावरून कळतं.

आता दुसरी बाजू. आम्ही मोठ्या ऑपरेशनआधी खर्चाचा अंदाज लिहून देतो. तो कागद हातात घेतल्यावर माणूस पहिल्यांदा कुत्र्याकडे बघतो की शेवटच्या आकड्याकडे, हे मी रोज बघते. आकड्याकडे बघणारे निर्दय नसतात हो. आकडेमोड यांच्यासारखं खातं ज्यांचं खरंच भरलेलं असतं, असे मला आठ वर्षांत बोटांवर मोजण्याइतके भेटले. बाकीच्यांचं 'वेगळं खातं' मुलाच्या फीला, फ्रिज बिघडला त्याला, कशाकशाला गेलेलं असतं. बरा होऊ शकणारा प्राणी पैशाअभावी कायमचा झोपवावा लागतो, तेव्हा सही करणाऱ्याचा हात मी पाहिलाय. म्हणून विमा हा मला शिस्त नसलेल्यांचा खर्च वाटतो. मी स्वतः त्यांच्यातलीच, माझ्या दोन्ही मांजरांचा आहे.

पण विमा असूनही काउंटरवर पैसे बहुधा तुम्हालाच आधी भरावे लागतात. कंपनी नंतर परत करते. त्यामुळे तेवढी रक्कम किंवा क्रेडिट कार्ड हाताशी नसेल तर पॉलिसी घरातल्या कपाटात आणि कुत्रा आमच्या टेबलावर. काही कंपन्या थेट दवाखान्याला पैसे देतात, पण तुमचा दवाखाना त्यात आहे का, हे आधी विचारून ठेवायचं असतं.

अजून एक, जातीचं. डॅक्सहुंडची पाठ, जर्मन शेफर्डचं खुब्याचं हाड, पगचा श्वास, पर्शियन मांजरीच्या मूत्रपिंडातल्या गाठी, मेन कूनचं हृदय. हे आजार आनुवंशिक आहेत आणि काही पॉलिसी नेमके आनुवंशिक आजारच वगळतात. मग पगचा विमा काढून त्याच्या श्वासाचंच ऑपरेशन बाद, याला काय अर्थ? साध्या गावठी कुत्र्याला यातलं बरंचसं कमी भोगावं लागतं. त्याच्यासाठी फक्त अपघाताची स्वस्त पॉलिसी आणि बाजूला थोडे पैसे, एवढ्यावर मी भागवलं असतं.

शेपटीवाला_काका
अवांतर. या धंद्याची सुरुवात १८९० च्या सुमारास स्वीडनमध्ये घोडे आणि गुराढोरांच्या विम्याने झाली. तिथेच १९२४ मध्ये पहिल्या कुत्र्याची पॉलिसी निघाली. अमेरिकेत १९८२ साली पहिली पॉलिसी कोणाला मिळाली? टीव्ही मालिकेतल्या लॅसी या कुत्रीला! जी दर भागात संकटात सापडलेल्या पोरांना वाचवायची तिचाच विमा. ह.घ्या. (हलकेच घ्या).

ह.घ्या. म्हटलं तरी एक गोष्ट खरी. घोडा-बैल मेला तर धन्याची कमाई बुडायची, म्हणून त्याचा विमा. कुत्रा कमावत नाही. इथे आपण नुकसानीचा विमा काढत नसून स्वतःच्या मायेचा काढतोय, आणि मायेला बाजारभाव नसतो. कंपनीला हे पक्कं ठाऊक आहे. तरी स्वीडनमध्ये आज बहुसंख्य कुत्र्यांचा विमा असतो. तिथले सगळे हिशोबात कच्चे असतील असं वाटत नाही.

आकडेमोड
काका, मायेचा मुद्दा मान्य. मग गणित थोडं बदलतं: खिशाला झेपेल का, यासोबत 'झेपत नसतानाही मी खर्च करीन का' हेही विचारायला हवं. ज्यांचं उत्तर हो आहे त्यांनी विमा घ्यावा. माझं उत्तर 'एका मर्यादेपर्यंत' असं आहे आणि ती मर्यादा खात्यात पडून आहे. पण रात्रपाळीताईंचा प्रश्न वेगळा होता, त्यांनी सहा वर्षं आधीच भरलीत. भरलेले पैसे गेले. त्यांच्याकडे बघून पुढचं ठरवू नका.

कंपाउंडरीण
अर्धं बरोबर. पैसे गेले, पण सहा वर्षांत एक गोष्ट कमावलीय. या काळात बंड्याला जे काही पहिल्यांदा झालं ते या पॉलिसीच्या लेखी 'आधीचं' नाही. सोडून उद्या दुसरीकडे गेलात तर फाईलमधली एकूण एक ओळ 'आधीची' होईल. सातव्या वर्षानंतर गाठी, सांधे, हृदय यांचा काळ सुरू होतो. तरुणपणी भरून म्हातारपणी सोडणं म्हणजे पेरणी करून कापणीला गावाला जाणं. मात्र पॉलिसी कोणत्या तऱ्हेची आहे ते बघा. काही पॉलिसी एका आजाराला १२ महिनेच पैसे देतात. मधुमेहाचं इन्सुलिन आयुष्यभर चालतं, आणि तेराव्या महिन्यापासून ते तुमच्या खिशातून.

रात्रपाळी
एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. काल दवाखान्यातून बंड्याची अख्खी फाईल मागून घेतली. अठरा पानं! 'कान खाजवतो' चार वेळा, 'मोजा (निळा)' एकदा, आणि गेल्या हिवाळ्यात एक ओळ जी मला कोणी मोठ्याने सांगितलीच नव्हती: 'उठताना मागचे पाय ताठ, पुढच्या भेटीत खुब्याचा एक्स-रे काढावा.' पुढची भेट लसीची होती, एक्स-रे राहून गेला. मी आतापर्यंत तो आळशीपणाने उठतो असं समजत होते.

पॉलिसीही वाचली. भरपाईची मर्यादा दर वर्षी नव्याने मिळते, १२ महिन्यांची भानगड नाही, आनुवंशिक आजार वगळलेले नाहीत. जोडीच्या अवयवांचं कलम आहे, पण ते पॉलिसीआधीच्या त्रासाला. तेव्हा बंद करत नाहीये. डिडक्टिबल दुप्पट केलं तर हप्ता किती उतरतो ते सोमवारी फोन करून विचारते, आणि जो फरक पडेल तो नवऱ्याच्या लाडक्या खात्यात. एक्स-रे बुधवारी.

तीनपायी
एक्स-रे रिन्यूअलच्या तारखेच्या आत काढा. आणि डॉक्टर फाईलमध्ये काय लिहितात ते तिथेच उभं राहून वाचा.