इर्शाळवाडीच्या ढिगाऱ्यावर ग्रुप फोटो?

रानवाट: रविवारी इर्शाळगड करून आलेल्या एका ग्रुपने फोटो टाकलाय, 'वाडीचे अवशेष, थरारक अनुभव'. बारा जण दगडांवर उभे, हात वर. तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही माझं. १९ जुलै २०२३ ला रात्री गडाखालच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, चार दिवसांनी शोध थांबवला. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं मिळालीच नाहीत. ती अजून तिथेच आहेत, तुमच्या बुटांखाली! स्मशानात असे फोटो काढता का?

सह्यवेडा: फोटो चुकला, मान्य. पण जायचंच नाही का? माळीण गावही दरडीखालीच गेलं, तिथे लोक जातातच ना? कोणी फिरकलंच नाही तर विसरूनच जातील सगळे.

रानवाट: माळीणला हात जोडायला जातात. दोन्ही एका मापाने मोजू नका.

कातळ: फोटोचं काय घेऊन बसलात? दरडप्रवण गावांच्या यादीत ही वाडी नव्हतीच, हे सरकारनेच सांगितलं. माळीण २०१४, तळीये २०२१, मग ही. आमच्या घरामागच्या डोंगराला भेग पडलीय, हात आत जातो. तीन अर्ज दिले. एक माणूस आला, मोबाइलवर फोटो काढून गेला. पुढे काही नाही.

सह्यवेडा: मग कड्याखाली राहायचंच कशाला?

कातळ: कशाला? शेत तिथे, गुरं तिथे, चार पिढ्या तिथे! तुम्ही द्या पनवेलला घर, उद्या येतो. फुकटचे सल्ले देऊ नका.

सह्यवेडा: तोंड सांभाळून बोला. विषय फोटोचा आहे.

चूलभाकर: भांडू नका. २०१८ साली त्या वाडीत पिठलं-भाकरी खाल्लीय मी. चुलीशेजारी टोपलीखाली कोंबडी झाकलेली. मावशींनी आमच्या बाटल्या भरून दिल्या, पैसे घेताना लाजल्या. दरडीनंतर एकदाच गेलो. ते घर कुठे होतं, तेच सापडेना. वर जेसीबी चढला नाही, कुदळ-फावड्यांनीच माणसं शोधली होती. उरलेल्यांना खाली चौकजवळ घरं दिलीत. जायचंच तर आधी त्यांना भेटा, कुठून जाऊ विचारा. ते नको म्हणाले तर परत फिरा.

सह्यवेडा: हे पटतं. ग्रुपमधले दोघे ओळखीचे आहेत, फोटो काढून टाकायला सांगतो. पण गड बंद करा म्हणालात तर भांडेन.

रानवाट: गड बंद करा म्हटलंच नाही मी. कातळ, अर्जांच्या पोच आहेत का? असतील तर इथे टाका.