मदत हवी आहे: रॉयल इंडियन नेव्हीचा (ब्रिटिश अमलातलं भारतीय नौदल) दुसऱ्या महायुद्धातला कोट, फीत आणि पदकं अस्सल आहेत का?

जुनीबटणं:
मुंबईतल्या एका विक्रेत्याकडे 'एकाच अधिकाऱ्याचा' म्हणून संच आहे. गडद निळा डबल ब्रेस्ट कोट, पुढे आठ बटणं, बाहीवर नागमोडी सोनेरी लेसच्या दोन पट्ट्या. टोपीची काळी फीत, तिच्यावर नुसतं 'एच.एम.आय.एस.' (हिज मॅजेस्टीज इंडियन शिप). आणि एका बारवर डावीकडून १९३९-४५ स्टार, बर्मा स्टार, इंडिया सर्व्हिस मेडल, वॉर मेडल. माझ्याकडे १० पट भिंग आणि यूव्ही टॉर्च आहे. पैसे देण्याआधी काय काय बघू?

डोलकाठी:
फीत आधी बाजूला काढा. अशी फीत खलाशांच्या टोपीला असायची. अधिकाऱ्याची पीक कॅप, पुढे जरीचा बिल्ला. म्हणजे संच एकाच माणसाचा नाही, हे इथेच ठरलं. फीत मात्र खरी असू शकते, कारण जहाजाचं नाव फुटू नये म्हणून युद्धात नुसती आद्याक्षरंच घालत. अक्षरं भिंगाखाली धरा. जुन्या विणीत दोऱ्याभोवती धातूची बारीक तार गुंडाळलेली दिसते आणि ती काळपट-हिरवट पडते. प्लास्टिकची चकचकीत जरतार दिसली तर फीत नंतरची.

आता कोट. नागमोडी लेस म्हणजे व्हॉलंटियर रिझर्व्ह (आर.आय.एन.व्ही.आर., स्वयंसेवक अधिकारी), दोन पट्ट्या म्हणजे लेफ्टनंट. नियमित नौदलाची लेस सरळ, रिझर्व्हची (व्यापारी जहाजांवरून आलेले अधिकारी) एकमेकींत गुंफलेली. पट्ट्यांमधल्या कापडाचा रंगही बघा: जांभळा इंजिनियरचा, लाल डॉक्टरचा, पांढरा हिशेबखात्याचा. नागमोडी लेसला गिऱ्हाईक जास्त, म्हणून सरळ उसवून नागमोडी शिवलेले कोट बाजारात येतात. साधा टॉर्च बाहीला जवळजवळ टेकवून आडवा उजेड टाका. जुन्या टाक्यांची भोकं आणि लेसखाली न विटलेलं सरळ पट्ट्याचं कापड लगेच उठून दिसतं. लेस बाहीच्या फक्त बाहेरच्या अर्ध्या भागावर असेल तर बिचकू नका, युद्धात सोनेरी जरतार वाचवायला तसंच करत.

बटणांवरचा मुकुट सगळ्यात महत्त्वाचा. सहाव्या जॉर्जच्या काळातल्या मुकुटाच्या कमानी घुमटासारख्या वर चढतात, एलिझाबेथच्या काळातल्या मधोमध खचतात. आपल्याकडे २६ जानेवारी १९५० ला मुकुट जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आले आणि एलिझाबेथ गादीवर बसली १९५२ मध्ये. त्यामुळे खचलेल्या मुकुटाचं बटण रॉयल इंडियन नेव्हीचं असूच शकत नाही. उलट घुमटी मुकुट दिसला म्हणून निश्चिंत होऊ नका. चार्ल्स राजाने २०२२ पासून तसाच मुकुट पुन्हा घेतलाय. बटण उलटवून मागची झीज आणि कारखान्याचं नाव वाचा.

शिंप्याचं लेबल बहुधा आतल्या खिशात सापडतं, त्यावर शाईने नाव आणि तारीख. 'गीव्हज अँड हॉक्स' असं जोडनाव असेल तर कोट १९७४ नंतरचा. त्याआधी या इंग्लिश शिंप्यांचं नाव नुसतं गीव्हज.

यूव्हीवर एकट्यावर भिस्त नको. दोरा चमकला तर तो नवा असेल किंवा कोट आजकालच्या साबणात धुतला असेल. लेसच्या शिलाईतला सेंटिमीटरभर सुटा दोरा, मालकाला विचारून, चिमट्यात धरून जाळा. सुती दोऱ्याची राख होते, कागद जळल्यासारखा वास येतो. रेशीम केस जळल्यासारखं. वितळून टणक मणी झाला तर पॉलिएस्टर, म्हणजे ती शिलाई युद्धानंतरची.

शिडाची_दोरी:
पदकांबद्दल. क्रम चुकलाय, वॉर मेडल आधी आणि इंडिया सर्व्हिस मेडल शेवटी हवं. घरच्यांनीही असं लावलेलं असतं, त्यामुळे एवढ्यावरून नाकारू नका. १९३९-४५ स्टारच्या रिबनची गडद निळी पट्टी बघणाऱ्याच्या डावीकडे यायला हवी. कुणी शेजारी पॅसिफिक स्टारही 'याच माणसाचा' म्हणून पुढे केला तर घेऊ नका. पॅसिफिक आणि बर्मा यातला एकच स्टार मिळे, दुसऱ्यासाठी रिबनवर क्लास्प, म्हणजे नाव कोरलेली धातूची पट्टी.

दोन्ही गोल पदकं (वॉर मेडल आणि इंडिया सर्व्हिस मेडल) ३६ मिमी व्यासाची. व्हर्नियर कॅलिपरने चार ठिकाणी मोजा. कुठे कमी भरलं किंवा कड सपाट घासलेली दिसली तर कडेवरचं मूळ मालकाचं नाव पुसून नवं ठोकलंय. नाव नसलेली कोरी कड मात्र दोष नाही, ब्रिटिश दलांना ती कोरीच दिली.

जुनीबटणं:
बघून आलो. सहा बटणं घुमटी, खालची दोन खचलेली. त्या दोघांच्या शिलाईचा मणी झाला, लेसच्या दोऱ्याची राख. सरळ लेसच्या खुणा नाहीत. लेबलवर शाई पुसट, आडनावाची तीन अक्षरं लागतात. वॉर मेडलच्या कडेवर दुसरंच आडनाव आहे, व्यास सगळीकडे सारखा.

डोलकाठी:
मग कोट चांगला आहे, दोन बटणं नंतर बदललेली. पदकं दुसऱ्या कुणाची. तिन्ही वस्तूंचे भाव वेगवेगळे मागा, 'एकाच अधिकाऱ्याचा' म्हणून वर एक रुपया देऊ नका.

पदकावरचं नाव कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत शोधा, तिथे फक्त युद्धात मरण पावलेले सापडतील. समुद्रात मरण पावलेल्या सहा हजारांहून जास्त भारतीय खलाशांची नावं ज्या स्मरणग्रंथात आहेत त्याची एक प्रत चितगावला आणि एक मुंबईच्या इंडियन सेलर्स होममध्ये ठेवलेली आहे.

पितळ पॉलिशने घासू नका, बारीक रेघा जातात. कोट रुंद हँगरवर, सुती खोळीत. ती दोन बटणं काढू नका, कोणती आणि का वेगळी ते चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा.