टू-स्ट्रोक चालूच होत नाहीये, सगळं करून बघितलं. लवकर सांगा

धुरकट: छोटी टू-स्ट्रोक मोटरसायकल आहे. प्लग नवा टाकला, करंट येतोय, पेट्रोल येतंय, कार्बोरेटर दोनदा खोलून साफ केला. किका मारून पोटरी भरून आली. आता काय राहिलं? उद्या गाडी हवीच आहे.

फिलरगेज: "सगळं" म्हणजे काय काय ते कळू द्या. प्लग काढल्यावर ओला असतो की कोरडा? पॉइंटवाली (उघडझाप करणाऱ्या संपर्कांनी ठिणगी पाडणारी) की सीडीआय (इलेक्ट्रॉनिक)? तेल पेट्रोलमध्ये मिसळता की वेगळा पंप आहे? किती दिवस उभी होती?

धुरकट: ओला. पॉइंटवाली, ६ व्होल्ट. तेल पेट्रोलमध्येच. चार महिने उभी होती, पण उभी केली तेव्हा मस्त चालत होती.

सहाव्होल्ट: चार महिने म्हणजे बॅटरी गेली. आधी ती बदला, मग बाकीचं.

फिलरगेज: बॅटरीचं काय घेऊन बसलात? फ्लायव्हील मॅग्नेटो, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणारं चुंबकाचं चाक (मॅग्नेट), असेल तर प्लगचा करंट मॅग्नेटखालच्या कॉइलमधून तयार होतो. बॅटरी फक्त हॉर्न-इंडिकेटरपुरती.

सहाव्होल्ट: सगळ्याच गाड्यांना मॅग्नेटो नसतो. काहींचं इग्निशन बॅटरीवरच चालतं.

फिलरगेज: मान्य. मग बॅटरीची वायर काढून किक मारा. तरी ठिणगी आली तर बॅटरीचा विषय संपला.

धुरकट: काढून बघितलं. ठिणगी येते.

रिझर्व्हवर: प्लग ओला आणि चार महिने उभी, तर पेट्रोलचा कॉक उघडा राहिला असणार. कार्बोरेटरमधली पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई नीट बसत नसेल तर पेट्रोल झिरपत थेट क्रँककेसमध्ये (पिस्टनखालच्या पेटीत) साचतं. टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण तिथूनच वर जातं, त्यामुळे प्लग कितीही पुसा, दोन किकांत परत भिजतो. असं करा: कॉक बंद. चोक बंद. प्लग काढून कॅपमध्येच ठेवा आणि त्याची धातूची बाजू इंजिनाला घट्ट टेकवा, पण प्लगच्या भोकापासून लांब. वाफेला ठिणगी लागली तर भडका उडेल. मग अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळून १५-२० किका. काही इंजिनांना क्रँककेसच्या खाली ड्रेन स्क्रू असतो, असला तर तोही उघडा. टाकीतलं जुनं पेट्रोल फेकून ताजं भरा.

काजळी: सायलेन्सरही बघा. गाडी बरेच दिवस उभी राहिली की कुंभारमाशी आत मातीचं घर करते. किक मारताना मागच्या तोंडाशी हात धरा, हवेचा धक्का लागला पाहिजे.

मिश्रण४०: लिटरला तेल किती घालता? जुन्या इंजिनाला ४० मिली पाहिजेच. २० मिली घालणारे पिस्टन जाम करून बसतात.

रिझर्व्हवर: ४० मिलीचं प्रमाण जुन्या साध्या तेलांचं. जासो (जपानी मानक) एफसी किंवा एफडी दर्जाचं तेल असेल आणि गाडीच्या पुस्तकात चालत असेल तर २० पुरतं. तेल वाढवलं की तेवढं पेट्रोल कमी होतं, म्हणजे जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) तोच असताना हवा-पेट्रोलचं मिश्रण उलट पातळ होतं. हे कोणी लक्षात घेत नाही.

मिश्रण४०: पातळ झालं तर जेट एक नंबर मोठा टाकायचा, त्यात काय. जळालेल्या पिस्टनपेक्षा काळा प्लग परवडला.

सरळरस्ता: अ‍ॅव्हरेज वाढवायचं असेल तर जेटची सुई एक खाच खाली करा.

फिलरगेज: अहो, बंद गाडीचं अ‍ॅव्हरेज कुठून काढायचं! आणि सुई खाली केली की मिश्रण आणखी पातळ, इंजिन तापणार. धाग्यावर या.

धुरकट: क्रँककेस रिकामी केली. भोकातून फवारा उडाला, मग कोरडं झालं. सायलेन्सर मोकळा आहे. कोरडा प्लग लावून किक मारली तर फट् करून सायलेन्सरमधून आवाज आला आणि किकने पाय उलटा फेकला. चालू नाहीच.

फिलरगेज: किक उलटी मारते हे आधी सांगायचं ना राव. टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, सरकलंय. मॅग्नेट कोणी काढला होता का?

धुरकट: हो, मीच. मागच्या आठवड्यात मॅग्नेटकडचा सील (हवा-तेल अडवणारी रबरी कडी) बदलला, तेव्हाच पॉइंटही नवे टाकले. पण ठिणगी तर येतेय, मग त्याचा काय संबंध?

फिलरगेज: तोच तर संबंध आहे. ठिणगी येते, पण चुकीच्या वेळी. क्रँकच्या (पिस्टनला जोडलेल्या फिरत्या दांड्याच्या) टोकाला अर्धचंद्रासारखी छोटी चावी असते, ती मॅग्नेटची जागा ठरवते. ताकद चावी घेत नाही, टेपरची, म्हणजे निमुळत्या टोकाची, पकड घेते. टेपरवर तेल-ग्रीस राहिलं किंवा नट ढिला राहिला की मॅग्नेट फिरतो आणि चावी कापली जाते. दोन-तीन मिलिमीटर सरकला तरी ठिणगी भलत्या वेळी पडते.

मॅग्नेट पुलरनेच (ओढून काढायच्या हत्यारानेच) काढा. पुलरचे आटे उलटे आहेत का ते आधी पाहा. हातोडा मारलात तर क्रँक वाकडा होईल. चावीवर पायरी दिसली की ती फेका. क्रँक आणि मॅग्नेट दोन्हीकडचा टेपर पेट्रोलने पुसून अगदी कोरडा करा, नवी चावी बसवून नट पुस्तकातल्या टॉर्कला आवळा.

पॉलिशपेपर: पॉइंटचा गॅपही बघा. साधारण ०.३५ ते ०.४ मिमी, मॅग्नेटच्या खिडकीतून फिलर गेज घालून. गॅप मोठा ठेवला तर पॉइंट लवकर उघडतात, टायमिंग पुढे जातं आणि किक उलटी येते. म्हणजे चावी शाबूत निघाली तरी हे राहतंच. तपासायला पॉइंटमध्ये पातळ कागद धरून मॅग्नेट हाताने फिरवा. मॅग्नेटवरची खूण केसवरच्या खुणेशी आली की कागद सुटला पाहिजे. नव्या पॉइंटवर तेलाचा थर असतो, तोही स्वच्छ कागदाने पुसा.

सहाव्होल्ट: कंडेन्सर (पॉइंट जळू न देणारा भाग) पण बदला. पॉइंटवर निळे डाग असतील तर नक्कीच.

पॉलिशपेपर: या वेळी सहाव्होल्टशी सहमत. पण आधी चावी.

धुरकट: चावी अर्धी कापलेली निघाली! पुसताना टेपरवर ग्रीस पण निघालं, गंजू नये म्हणून मीच लावलं होतं. नवी चावी टाकली, गॅप ०.४ केला, तिसऱ्या किकला चालू. धूर प्रचंड. आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी आवाज चढलेलाच राहतो, खाली येत नाही.

रिझर्व्हवर: धूर क्रँककेसमध्ये राहिलेल्या तेलाचा असेल. दहा मिनिटांत कमी झाला पाहिजे. नाही झाला तर गिअर ऑइलची पातळी बघा. क्लचकडचा सील गेला असेल तर इंजिन गिअर ऑइल ओढून जाळतं.

फिलरगेज: आवाज उतरत नाही म्हणजे कुठून तरी हवा ओढतंय. केबल आणि कार्बोरेटरची स्लाइड अडकत नाहीये ना, ते आधी पाहा. मग मला शंका त्या नव्या सीलचीच. स्प्रिंगची बाजू क्रँककेसकडे पाहिजे, उलटा बसला तर हवा आत येते. तोवर गाडी पळवू नका, पातळ मिश्रणावर पिस्टन जाम होतो.

धुरकट: स्प्रिंग बाहेरून दिसत होती, असं वाटतंय. मॅग्नेट परत काढतो. पुलर आताच परत करून आलो होतो.