मदत हवी आहे: बाबांना परदेशात गोल्फ खेळायला न्यायचंय (सराव वावरातला, सर्टिफिकेट नाही)

मृगबहार:

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, थट्टा नाही. वरूडकडे आमची सहा एकर संत्र्याची बाग आहे आणि आमचे बाबा गोल्फ खेळतात.

बाबा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. शेवटची चार वर्षं त्यांची ड्युटी छावणीतल्या गोल्फ कोर्सवर होती. साहेब लोकांचा खेळ आटोपला की उरलेल्या उजेडात ही मंडळी खेळायची. तिथे होलच्या खड्ड्याभोवती गवताचं ग्रीन नव्हतं, ब्राउन होतं, म्हणजे रेतीत जळकं ऑइल कालवून दाबलेली जागा. घरी येताना एका साहेबांनी जुना सेट दिला, त्यातल्या सहा काठ्या आता उरल्यात. सात नंबरच्या लोखंडी काठीला (आयर्न) माझ्या बॅटची ग्रिप चढवलेली आहे. हरभरा सोंगून वावर मोकळं झालं की धुऱ्यापासून विहिरीपर्यंत मारत बसतात. 140 यार्ड भरतं, पावलांनी मोजलंय. मागच्या साली शेजारच्या पराटीत वेचणीला आलेल्या बायांनी ओटीतून कापसासोबत तीन चेंडू काढून दिले होते.

जानेवारीत बाबांना 62 पूर्ण होतात. आम्ही भावंडांनी मिळून तीन लाख बाजूला ठेवलेत, बाबा आणि मी असे दोघं जाणार. त्यांना विचारलं तर म्हणाले, "कायले घालवता पैसे? तेवढ्यात ठिबक बदलून होते." पण आई सांगते, रात्री मोबाइलवर स्कॉटलंडचं ते सेंट अँड्रूज, गोल्फचं जुनं गाव, पाहत बसतात.

अडचणी अशा:

आंबिया बहाराच्या संत्र्यांची तोड आणि व्यापाऱ्याचा हिशेब डिसेंबरात संपतो, मृग बहाराची तोड फेब्रुवारीत लागते. मधले तीन-चार आठवडेच मोकळे. बाबांकडे हँडिकॅप सर्टिफिकेट, म्हणजे खेळाडूची पातळी दाखवणारा कागद, नाही. शिक्षण नववी. पासपोर्ट अजून काढायचाय. गुडघा दुखतो, पण कबूल करत नाहीत. जेवण शुद्ध शाकाहारी. नागपूरच्या एका एजंटने सहा दिवसांचं पॅकेज दिलं, त्यात पाच दिवस समुद्रकिनारा आणि मॉल, गोल्फ "ऑप्शनल". मी तिथूनच उठलो.

कुठे न्यावं? मला स्वतःला यातलं ओ की ठो कळत नाही.

टी_टाइम:

दादा, धागा वाचून मजा आली. सेंट अँड्रूजचं आधी बोलतो, म्हणजे मनातून निघेल. तिथल्या प्रसिद्ध ओल्ड कोर्सला हँडिकॅप सर्टिफिकेट लागतंच. वेळ मिळवायला लोक दोन दिवस आधीच्या बॅलटमध्ये नाव टाकतात, म्हणजे शुद्ध चिठ्ठी. जानेवारीत तिथे चारच्या आसपासच सूर्य मावळतो, आणि हिवाळ्यात फेअरवेवर, म्हणजे मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, चटईचा तुकडा ठेवून त्यावरून चेंडू मारावा लागतो, गवत जपायला. बाबांनी आयुष्यभर ब्राउनवर आणि वावरात खेळून शेवटी स्कॉटलंडमध्ये चटईवरून मारायचं? शिवाय तीन लाखांत दोघांचा व्हिसा, विमान, हॉटेल बसवताना तुमचा जीव जाईल.

गंमत म्हणजे रविवारी ओल्ड कोर्स खेळायला बंद असतो आणि गावकरी तिथे कुत्री घेऊन फिरतात. पुढेमागे गेलात तर त्या दिवशी कोर्सवरच्या स्विलकन पुलावर उभं राहून फोटो काढता येईल, सर्टिफिकेट न दाखवता.

हुआहिन_रिटर्न:

माझं मत थायलंड. बँकॉकहून हुआ हिन गाडीने तीनेक तास. तिथला रॉयल हुआ हिन 1924 चा जुना कोर्स, रेल्वे स्टेशनला लागूनच. आणखी पाच-सात कोर्स आसपास आहेत. जानेवारी तिकडचा सगळ्यात चांगला महिना, पण गर्दीचाही, म्हणून टी टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची वेळ, आधीच घ्या. सर्टिफिकेट मला कुठेच मागितलं नाही.

थायलंडमध्ये बहुतेक कोर्सवर कॅडी, म्हणजे काठ्या सांभाळणारं माणूस, घ्यावीच लागते आणि कॅडी जवळजवळ सगळ्या बाया. टिप साधारण 400 बाट द्यायची रीत आहे. त्या पट करताना, म्हणजे चेंडू हळूच होलकडे ढकलताना, गवताचा कल दाखवतात. बाबा ब्राउनवरचे, म्हणजे हे लागणारच. तिकडच्या ग्रीनचं गवत ज्या बाजूला झुकलेलं त्या बाजूला चेंडू पळतो, उलट मारला तर अर्ध्यात थांबतो. गुडघ्यासाठी बग्गी घ्या, 18 होल चालायचे म्हणजे सात-आठ किलोमीटर होतात.

जेवणाचं मात्र अवघड. भाजीतसुद्धा फिश सॉस असतो. चिवडा, भाकरवडी घेऊन जा.

मृगबहार:

कॅडी बाई म्हटल्यावर बाबा घाबरले. "माह्या काठ्या बाईमाणसानं उचलाच्या? नाई जमत." आई हसून हसून बेजार.

छावणीवाला:

मी सेनेत होतो, म्हणून लिहितो. श्रीलंकेला न्या.

नुवारा एलियाचा कोर्स 1889 चा, आणि तो सुरू करणारे स्कॉटिश पलटणीचे, गॉर्डन हायलँडर्सचे लोक. तुमच्या बाबांना स्कॉटलंड हवंय ना, मग पलटणीच्या माणसांनी वसवलेलं गोल्फ त्यांना जास्त जवळचं वाटेल. गाव 1,800 मीटरच्या वर, चहाच्या मळ्यांत. जानेवारीत पहाटे कडाक्याची थंडी, स्वेटर विसरू नका. परतताना रॉयल कोलंबो करा. तो 1879 चा, आणि कोर्सच्या मधून रेल्वेची लाइन जाते. गाडी आली की खेळाडू थांबतात.

कॅडी तिथे पुरुषही मिळतात. भात, वरणासारखं परिप्पू, नारळाची चटणी. शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. फक्त त्या चटणीत, पोल संबोलमध्ये, सुक्या मासोळीचा चुरा असतो, तेवढं विचारून घ्या. नागपूर-चेन्नई-कोलंबो करा, चेन्नईहून पुढे दीड तासाच्या आसपास.

कागदांचं: दहावी नसली की पासपोर्टवर ईसीआर (परदेशी कामाला जाताना तपासणी लागेल असा शिक्का) येतो, पण पन्नाशी ओलांडलेल्यांना त्यातून सूट आहे, वयाचा पुरावा जोडा. डिस्चार्ज बुकमधलं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न अक्षर जुळवून बघा. माझ्या नावात एक वेलांटी कमी होती, त्यापायी दोन महिने गेले.

टी_टाइम:

छावणीवाल्यांशी सहमत. आणि सेट नेऊ नका. विमानात काठ्या केबिनमध्ये चालत नाहीत, बॅग चेक-इन करावी लागते, जुन्या सेटचं काही झालं तर बाबांचं मन मोडेल. तिथे भाड्याने घ्या. कॉलरचा शर्ट लागतो, जीन्स चालत नाही. पीटी शूज घालतात का? मऊ तळाचे गोल्फचे बूट एक जोड घेऊन द्या, आणि निघायच्या महिनाभर आधी घालायला लावा, नाहीतर तिसऱ्या होलला फोड येतात.

मृगबहार:

सगळ्यांचे आभार. श्रीलंका ठरलं. पासपोर्टची अपॉइंटमेंट अमरावतीला घेतलीय.

बाबांनी सगळे प्रतिसाद माझ्याकडून दोनदा वाचून घेतले. बाकी कशावर बोलले नाहीत, फक्त, "गाडी मधातून जाते म्हणतं? अन् चेंडू डब्यात गेला तं?" टी_टाइम, तुमचं एक मात्र ऐकणार नाहीत. सात नंबरची काठी सोबत येणार म्हणतात, बाकी भाड्याच्या चालतील. एकच काठी चेक-इनमध्ये कशी बांधून न्यायची, कुणी केलंय का?

आणि काल संध्याकाळी आईने सारवलेल्या अंगणात खड्डा दिसला. होल सव्वाचार इंचाचं असतं म्हणे, मापाला आईचा पूजेचा तांब्या नेमका बसला. आई दिवा लावायला आली तेव्हा तांब्या जमिनीत आणि बाबा पटर (पट करायची काठी) घेऊन तुळशीजवळ वाकलेले. तांब्या अजून तिथेच आहे, देवाला सध्या स्टीलचा चाललाय.