आपला विश्वास खरा आहे की नुसती सवय, हे कसं ओळखायचं?

मागचा_बाक:
प्रभूच्या नावात सगळ्यांना सलाम. लिहू की नको करत बरेच दिवस घालवले, आज लिहूनच टाकतो.

मी ख्रिस्ती घरातच वाढलो, संडे स्कूल, दृढीकरण, तरुण संघ सगळं रीतसर झालंय आणि आता मंडळीत गाण्याच्या टीममध्ये आहे. बायबल अॅपवर माझी ४१२ दिवसांची स्ट्रीक होती. होती म्हणतोय कारण गेल्या आठवड्यात मीच तोडली. झालं असं की रात्री ११.५५ ला अंथरुणात आठवलं आजचं वाचन राहिलंय, अॅप उघडलं, अंगठ्याने भराभर खाली सरकवलं, टिक केली आणि फोन उलटा ठेवला. बायको जागीच होती, तिने सहज विचारलं, आज काय होतं? मला पुस्तकाचं नावसुद्धा सांगता येईना. ती काही बोलली नाही, कुशीवर वळली.

आणि मग पडल्या पडल्या लक्षात आलं की त्याच दिवशी दुपारी ऑफिसात मी एका रिपोर्टवर सही केली होती, ज्यातला एक आकडा खोटा आहे हे मला माहीत होतं. साहेब म्हणाले म्हणून केली. तेव्हा देव डोक्यात आलासुद्धा नाही. निदान टोचलं असतं तरी बरं वाटलं असतं.

तर प्रश्न असा की हे आजच्या काळातल्या ख्रिस्ती लोकांचंच असं झालंय का, म्हणजे लायटिंग, बँड, लाइव्ह स्ट्रीम सगळं आहे पण खाली मुळंच नाहीत, की हे फक्त माझं? आणि यातून निघायचं कसं? "अजून प्रार्थना करा" हे उत्तर प्लीज नको, ते मलाही येतं द्यायला.

---

खडकाळ_जमीन:
दादा तुझं एकट्याचं नाही. माझ्या मते चूक सुरुवातीलाच होते, आपण माणसाला आत घेतो तेव्हाच. डोळे मिटा, हात वर करा, माझ्यामागे ही प्रार्थना म्हणा, झालं, तुमचं तारण झालं, टाळ्या! पवित्र शास्त्रात अशी म्हणून घ्यायची प्रार्थना कुठे सापडते का बघ. सभेत लोकांना पुढे बोलावून तिथल्या तिथे निर्णय घ्यायला लावायची पद्धत १८३० च्या आसपास अमेरिकेत चार्ल्स फिनी या प्रचारकाने गाजवली, तो तर पुढे एक खास बाकच ठेवायचा, ज्यांच्या मनात खळबळ चाललीय त्यांनी तिथे येऊन बसायचं. त्याचा हेतू वाईट होता असं नाही म्हणत मी, पण आपण नुसता बाक उचलला.

आणि येशू काय करायचा? लूक १४ मध्ये लोकांचा मोठा जमाव मागे चाललाय आणि हा वळून त्यांना सांगतो, बुरूज बांधायच्या आधी बसून खर्चाचा हिशोब करा. योहान ६ मध्ये बरेच शिष्य सोडून जातात तर बाराजणांना विचारतो, तुम्हीपण जाताय का. तो श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून गेला, त्याच्यावर प्रीती केली असं मार्कने स्पष्ट लिहिलंय, तरी त्याला थांबवायला, सगळं विकून गरिबांना दे, ही अट कमी केली नाही. आपल्याकडे दोन रांगा रिकाम्या दिसल्या की कमिटी साउंड सिस्टीम बदलते 😄

---

धूळ_आणि_पपायरस:
"आजच्या काळातलं" याला माझा आक्षेप आहे. इतिहास हा माझा छंद, त्यामुळे थोडं लांब होईल, सहन करा.

इ.स. २४९ च्या शेवटी रोमन सम्राट डेसियसने हुकूम काढला की सगळ्यांनी देवतांना बळी अर्पण करायचा आणि अधिकाऱ्यांच्या सहीचं सर्टिफिकेट घ्यायचं. इजिप्तच्या वाळूत अशी चाळीसच्या वर सर्टिफिकेटं सापडलीत, अगदी सरकारी फॉर्मसारखी, नाव, गाव, मी नेहमीच देवतांना बळी देत आलोय आणि आता तुमच्यासमोर दिलाय, मग खाली साक्षीदार अधिकाऱ्याची सही. ख्रिस्ती लोकांनी काय केलं? काही तुरुंगात गेले, काही मेले, आणि पुष्कळांनी सरळ जाऊन बळी दिला. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा बिशप सिप्रियान लिहितो की लोकांनी पकडून न्यायचीसुद्धा वाट पाहिली नाही, स्वतःहून धावत गेले. काही हुशार मंडळींनी तर बळी न देताच पैसे चारून सर्टिफिकेट मिळवलं, म्हणजे खोट्या कागदावर नाव, दादा, तुमच्या रिपोर्टसारखंच.

लक्षात घ्या, त्या काळी चर्चमध्ये येणं फायद्याचं नव्हतं. तरी अनेक वर्षं छळ झाला नव्हता, दिवस बरे चालले होते, आणि पहिल्याच धक्क्यात गळती लागली. नंतर हेच लोक रडत परत आले तेव्हा भांडण पेटलं. रोमचा धर्मगुरू नोव्हाशियन म्हणाला यांना परत घ्यायचं नाही. सिप्रियान म्हणाला घ्यायचं, पण असंच हसत खेळत नाही, पश्चात्तापाचा काळ काढू दे. गंमत म्हणजे स्वतः सिप्रियान त्या छळात लपून बसला होता आणि त्यावरून लोकांनी त्याला खूप ऐकवलं होतं. पुढे २५८ मध्ये त्याच्यावर वेळ आली तेव्हा तो पळाला नाही, तलवारीने मारला गेला. आठ वर्षांत माणूस कुठून कुठे गेला.

---

थकलेली_मार्था:
सगळे छान छान बोलताय पण मला "कमिटमेंट" शब्दाचीच अॅलर्जी झालीय. मी ज्या मंडळीत होते तिथे कमिटमेंट म्हणजे आठवड्यातून चार मीटिंगा, उपवास प्रार्थना, खुर्च्या मांडणं, आणि एखाद्या मंगळवारी नाही गेलं की "ताई, पहिली प्रीती थंड झाली वाटतं". आई आजारी होती तेव्हासुद्धा हेच ऐकलं. तीन वर्षांनी मी रविवारी सकाळी गाडीत बसून रडायचे आणि मग डोळे पुसून आत जाऊन स्वागताला उभी राहायचे, हसत. बाहेरून बघणाऱ्याला माझ्याइतकी खोल विश्वासाची बाई सापडली नसती.

म्हणून खडकाळ_जमीन यांना विचारते, खर्चाचा हिशोब करा म्हणता ते बरोबरच आहे, पण बिल कोण बनवतंय ते पण बघा ना. येशूने मागितलेलं आणि कमिटीने मागितलेलं एकच असतं असं नाही.

---

खडकाळ_जमीन:
ताई हे मान्य. मी त्या बाजूने विचारच केला नव्हता.

---

मागचा_बाक:
मार्थाताई, गाडीतलं वाचून गलबलून आलं. माझं उलट आहे, माझ्याकडून कोणी काहीच मागत नाही. गाणं जमलं की झालं. टीममध्ये एवढी वर्षं आहे पण तुझं कसं चाललंय असं कोणी विचारलेलं आठवत नाही, आणि खरं सांगायचं तर मीही कोणाला विचारलं नाही.

---

जुना_दिवा:
तुम्ही शेवटी जे लिहिलंत, गाठ तिथेच आहे असं मला वाटतं. या विषयावर बोलताना सगळे जर्मन पाळक बॉनहॉफर आणि त्याची "स्वस्त कृपा" काढतात, म्हणजे येशूच्या मागे न चालता फुकटात घेतलेली क्षमा, काढायलाच हवं, १९४५ मध्ये नाझींनी फासावर दिलेल्या माणसाला ते बोलायचा हक्क होता. पण मला मेथडिस्ट चळवळ सुरू करणारा इंग्लंडचा जॉन वेस्ली जास्त उपयोगी पडला.

१७४२ मध्ये ब्रिस्टलला प्रार्थनागृहाचं कर्ज फेडायचं होतं. कोणीतरी सुचवलं, साधारण बारा बारा लोकांचे गट करू, एकेकाने दर आठवड्याला घरोघर जाऊन प्रत्येकाकडून एक पेनी गोळा करायची. म्हणजे नुसती वसुली. पण घरी गेल्यावर दिसायला लागलं की सभेत मोठ्याने आमेन म्हणणारा घरी बायकोशी भांडतो, कोणी पिऊन पडलाय. वेस्लीला कळलं की आपल्याला हवं होतं ते हेच. मग ते गट दर आठवड्याला एकत्र बसायला लागले आणि तुझ्या जिवाचं कसं चाललंय हे एकेकाला विचारायला लागले. दर तीन महिन्यांनी चौकशी करून सभासदत्वाचं तिकीट मिळायचं, नीट वागत नसेल तर नाही मिळायचं. त्याचाही पुढे जाच झाला असेलच, मार्थाताईंचं म्हणणं मला पटतं. पण चारशे लोकांच्या गर्दीत माणूस आयुष्यभर लपू शकतो, बाराजणांत फार दिवस लपता येत नाही.

आणखी एक. प्रकटीकरणात येशू लावदिकीयाच्या मंडळीला "कोमट" म्हणतो, ते आपण भावनेवर लावतो, गाण्यात अंगावर काटा आला नाही की म्हणतो कोमट झालो. जरा पुढचं वचन वाचा, प्रकटीकरण ३:१७, ती मंडळी म्हणते मी धनवान आहे, मला काही उणं नाही. तिचं दुखणं ते होतं. तुम्हाला तर उणं जाणवतंय, रात्रीची झोप गेलीय, तेव्हा ते वचन सध्या तुमच्यासाठी नाही.

उपाय विचारलात म्हणून, एक माणूस शोधा. पाळकच हवा असं नाही. त्याने महिन्यातून दोनदा तुम्हाला त्या रिपोर्टबद्दल विचारावं, आणि तुम्ही त्याला तो कशात अडकलाय ते. बायकोपासून सुरू करा, तिने एकदा विचारलंच आहे.

---

मागचा_बाक:
धन्यवाद, खरंच. सर्टिफिकेटवाल्या लोकांचं डोक्यातून जात नाहीये.

अॅप काढून टाकलं. सध्या मार्क वाचतोय, बायकोला मोठ्याने वाचून दाखवतो, काल ती मध्येच झोपली. रिपोर्टचं तिला सांगितलं. ती म्हणाली, मला वाटलंच होतं काहीतरी आहे. साहेबांना मेल लिहून ठेवलाय, आकडा दुरुस्त करायचा आहे म्हणून. "माफ करा" तीनदा काढलं, तीनदा परत घातलं. अजून ड्राफ्टमध्येच आहे.

---

थकलेली_मार्था:
पाठवलात की इथे कळवा. आणि नाही पाठवलात तरी कळवा.